राज्य सगळ्यांवर यायला हवे

वाचकांचे प्रश्न : परिसरातील उद्यान, उन्हाळी शिबिर आणि दिव्यांग मुले

गेल्या अंकातील टिपणात मी एवढेच लिहिले होते की, उद्यान महानगरपालिकेचे असेल तर तेथे भरणारे उन्हाळी शिबिर परिसरातील सगळ्या मुलांचे असले पाहिजे आणि ‘सगळ्या’ या शब्दात दिव्यांग मुलेही येतात. त्या वाक्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रे आली. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे थोडक्यात दिली आहेत आणि मुलांचा विचार करून नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा असून स्वमग्न आहे. तो मोजके शब्द बोलतो. पाणी आणि झोका त्याला अतिशय आवडतात, मोठा आवाज मात्र सहन होत नाही. घराजवळच्या उद्यानात मे महिन्यात शिबिर भरते. संयोजक म्हणाले, “त्याला जरूर आणा, पण तुम्ही पूर्ण वेळ शेजारी बसा. तो बाजूला खेळेल.” यात समाधान मानावे, की विशेष मुलांचे स्वतंत्र शिबिर शोधावे? — एक आई, कोपरखैरणे

उत्तर : संयोजकांनी आपल्या मुलाला जी जागा देऊ केली आहे, ती आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. लहानपणी गल्लीत खेळताना एखाद्याचे धाकटे भावंड हट्ट करून खेळायला येई, तेव्हा मोठी मुले त्याला ‘लिंबूटिंबू’ म्हणून घेत. तो धावे, ओरडे, घामाघूम होई, पण तो आऊट झाला तरी आऊट नसे आणि त्याच्यावर राज्य कधीच येत नसे. धाकट्या भावंडांचे हे लिंबूटिंबूपण एखाद्या उन्हाळ्यापुरते असते, पुढच्या सुट्टीत ती खऱ्या खेळात येतात. दिव्यांग मुलाला मात्र आपण वर्षानुवर्षे लिंबूटिंबूच ठेवतो आणि त्याला सामावून घेतले असे समजतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, बाजूला बसवून खेळवणे हा प्रवेश नव्हे आणि त्यावर आपण समाधान मानू नये.

स्वतंत्र शिबिराला माझा विरोध नाही. तेथे प्रशिक्षित शिक्षक असतात, मुलाच्या गतीने काम होते आणि आईवडिलांनाही आपल्यासारखेच अनुभव घेतलेली माणसे भेटतात. परंतु जी मुले आपल्या मुलाला उद्या जिन्यात, बागेत आणि किराणा दुकानात भेटणार आहेत, ती त्या शिबिरात नसतात. ती घराजवळच्या उद्यानातच असतात. शक्य असल्यास दोन्ही करावे, आणि एकच निवडायचे झाल्यास, मुलाला झेपत असेल तर, मी घराजवळचे उद्यान निवडीन.

संयोजकांशी बोलताना कायदा माहीत असलेला बरा, मात्र संभाषणाची सुरुवात त्याने करू नये. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे आणि स्वमग्नता त्यांपैकी एक आहे. याच कायद्याचे कलम २९ दिव्यांग व्यक्तींना इतरांच्या बरोबरीने सांस्कृतिक जीवनात आणि मनोरंजनात भाग घेता यावा यासाठी उपाययोजना करण्याची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणांवर टाकते, तर कलम ३० क्रीडाविषयक आहे. उद्यान महानगरपालिकेचे असते आणि शिबिराला परवानगीही तीच देते. त्यामुळे शिबिर खाजगी मंडळाचे असले तरी महानगरपालिकेचा संबंध संपत नाही. कायद्यात ‘वाजवी सोय’ अशी एक कल्पना आहे. समोरच्यावर अवाजवी भार न टाकता, त्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने भाग घेता यावा यासाठी करायचा आवश्यक तो बदल, असा तिचा अर्थ आहे. आपल्या मुलाच्या बाबतीत हा बदल अगदी लहान आहे : शिट्टीऐवजी हात वर करून खूण करणे, ध्वनिवर्धक त्याच्यापासून दूर ठेवणे आणि झाडाखाली एक शांत कोपरा राखणे, जेथे कोणत्याही मुलाला विचारल्याशिवाय जाऊन बसता येईल.

शिबिरापूर्वी एका कागदावर मुलाची माहिती लिहून द्यावी. त्यात निदानाचे नाव एका ओळीत पुरे. बाकीचा कागद त्याला काय आवडते, काय नको वाटते, तो ‘नको’ कसे सांगतो, अस्वस्थ होण्याआधी काय करू लागतो आणि त्या वेळी काय केल्याने शांत होतो, यासाठी ठेवावा. रिकाम्या उद्यानात त्याला आधी तीन-चार वेळा नेऊन शिबिराची जागा, नळ आणि स्वच्छतागृह दाखवावे. दिवसाच्या क्रमाची चार-पाच चित्रे (प्रार्थना, खेळ, पाणी, चित्रकला, घरी) एका दोरीवर लावली, तर पुढे काय होणार हे त्याला दिसते. या मुलांची बरीचशी चिडचिड पुढे काय होणार हे न कळल्याने होते, असा माझा अनुभव आहे. पहिले दोन दिवस तासभरच थांबवावे आणि तो रमलेला असतानाच घरी न्यावे. आपणही पहिले दोन-तीन दिवस आवारात असावे, पण त्याच्या शेजारी नव्हे. आई शेजारी असेल तर दुसरे मूल त्याच्याशी बोलायला येत नाही.

एक गोष्ट मात्र संयोजकांना न विसरता सांगावी. आपल्या मुलाला पाण्याची ओढ आहे. स्वमग्न मुले न सांगता निघून जाण्याची शक्यता अधिक असते आणि पुष्कळदा ती पाण्याकडेच जातात. ठाणे तर तलावांचे शहर आहे, आणि नवी मुंबईतही अनेक उद्यानांच्या आत किंवा शेजारी तळे असते. मूल दिसेनासे झाले तर इतर सर्वत्र शोधण्यापूर्वी एका माणसाने थेट पाण्याकडे धावायचे, हे शिबिराच्या पहिल्या दिवशीच ठरलेले असावे.

प्रश्न : आमचे मंडळ दरवर्षी उद्यानात बारा दिवसांचे शिबिर घेते. साधारण ४० मुले असतात. यंदा पाच दिव्यांग मुलांच्या पालकांनी विचारणा केली आहे : एक व्हीलचेअरवर, दोन बौद्धिक अक्षमता असलेली, एक कर्णबधिर, एक अल्पदृष्टी. आम्हाला घ्यायचे आहे, पण भीती वाटते. तयारी काय करावी? — मंडळाचे चिटणीस, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : आपल्याला भीती वाटते हे आपण लिहिले, याबद्दल आभार. ज्यांना मुळीच भीती वाटत नाही ते तयारी करत नाहीत.

प्रथम उन्हाचा विचार करावा. आपल्याकडे मे महिन्यात तापमापीवरचा आकडा विदर्भाइतका चढत नाही म्हणून आपण निश्चिंत असतो. परंतु हवेत दमटपणा असल्याने घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. म्हणूनच हवामान खाते मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करते, तर किनारपट्टीवर ३७ अंशांपासून. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर एका जाहीर कार्यक्रमात उन्हात बसलेल्या माणसांचे बळी गेले, ते आपण विसरू नये. शिबिर सकाळी सात ते साडेनऊ ठेवावे, दहानंतर नेऊ नये, किंवा मग साडेपाचनंतर घ्यावे.

दिव्यांग मुलांच्या बाबतीत येथे आणखी एक बारकावा आहे आणि तो अनेक संयोजकांना ठाऊक नसतो. अपस्मारासाठी (फिट येण्याच्या विकारासाठी) दिली जाणारी टोपिरामेट, झोनिसामाइड यांसारखी औषधे आणि स्नायूंचा ताठरपणा किंवा लाळ कमी करण्यासाठी दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिलसारखी औषधे घाम कमी करतात. पाठीच्या कण्याला वरच्या भागात इजा झालेल्या मुलालाही इजेखालच्या भागात नीट घाम येत नाही. असे मूल घामाघूम दिसत नाही, त्यामुळे ते ठीक आहे असे वाटते, आणि प्रत्यक्षात त्याचे अंग तापत असते. नोंदणीच्या अर्जातच चालू औषधे विचारावीत, पालकांनी डॉक्टरांचा सल्ला घेतला आहे ना हे पाहावे आणि अशा मुलांना सावलीतच खेळवून दर वीस मिनिटांनी पाणी द्यावे, ओल्या फडक्याने मान पुसावी. औषध बंद करण्याचा सल्ला मात्र कोणीही देऊ नये. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांना मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा सैल असण्याची शक्यता असते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटउडी आणि शीर्षासन करायला लावू नये.

पाण्यावरून आठवले. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकण्याच्या प्लास्टिकच्या नळ्यांवर देशभर बंदी आहे आणि ती योग्यच आहे. परंतु ज्या मुलाला पेला धरता येत नाही त्याला नळी लागतेच, आणि कागदी नळी तो चावून टाकतो. सिलिकॉनच्या चार नळ्या धुऊन वापराव्यात. काही मुलांना पातळ पदार्थ गिळताना ठसका लागतो, म्हणून ताक, पन्हे किंवा कोकम सरबत प्रेमाने पाजण्यापूर्वीही पालकांना विचारावे.

जागेची पाहणी एका संध्याकाळी व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलाला आणि त्याच्या पालकांना बरोबर घेऊनच करावी. उताराचे प्रमाण एकास बारा हवे, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या एका पायरीसाठी १८० सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो. फळी टाकून केलेला तीव्र उतार हा अपघात होय. वाळूत व्हीलचेअरची चाके रुततात, तेव्हा मुख्य खेळ वाळूत ठेवू नये. घसरगुंडीचा पत्रा आणि व्हीलचेअरचे धातूचे भाग उन्हात चटका देतात, म्हणून आधी स्वतःचा हात लावून पाहावा.

यापेक्षाही महत्त्वाचे आहे ते स्वच्छतागृह. एका शिबिरात आम्ही खेळांची तयारी आठवडाभर केली होती, आणि पहिल्या दिवशी उद्यानातल्या दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहाला कुलूप निघाले. आत झाडू आणि कुंड्या ठेवल्या होत्या, किल्ली कोणाकडे आहे ते कोणाला माहीत नव्हते. तेरा वर्षांची एक मुलगी सव्वा तासात घरी गेली आणि पुन्हा आली नाही. मला तिची क्षमा मागायची राहिली आहे. परवानगीच्या अर्जातच हे स्वच्छतागृह उघडे, स्वच्छ आणि पाण्यासह मिळावे असे लिहून घ्यावे. ज्या मुलांना तेथे मदत लागते त्यांच्यासाठी मदतनीस कोण, हे पालकांशी बोलून आधी ठरवावे, तो शक्यतो त्याच लिंगाचा असावा आणि तो मुलाला घेऊन गेल्याचे दुसऱ्या एका मोठ्या माणसाला माहीत असावे. स्वयंसेवकांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यावी. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार, असा अपराध घडल्याचे समजल्यास किंवा तशी भीती वाटल्यास कळवणे बंधनकारक आहे, हेही सर्वांना सांगावे. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक फलकावर असू द्यावा.

स्वयंसेवक किती, असे आपण विचाराल. पाच मुलांमागे एक आणि त्याशिवाय दोन मोकळे, एवढे असले तर काम चालते. प्रत्येक दिव्यांग मुलामागे एक माणूस सावलीसारखा लावू नये, कारण मग ते मूल दिवसभर त्या माणसाबरोबरच खेळते. पाचही मुलांना एकाच गटात घालू नये आणि जादा शुल्क घेऊ नये. स्वयंसेवकांना अर्धा दिवस प्रशिक्षण हवे असल्यास शहरातील विशेष शाळांच्या शिक्षकांना विनंती करावी. नवी मुंबईच्या वाचकांना वाशी येथील दिव्यांगांसाठीच्या महानगरपालिकेच्या ईटीसी केंद्राकडे विचारता येईल.

प्रश्न : मी शारीरिक शिक्षणाचा निवृत्त शिक्षक आहे. शिबिरात देशी खेळ घेतो. कुबड्या वापरणारा मुलगा लंगडी कशी खेळणार? अंध मुलगी लगोरी कशी फोडणार? नियम बदलले की खेळाचा कस जातो, असे मला वाटते. — एक वाचक, कळवा

उत्तर : सर, आपला आक्षेप मला मोलाचा वाटतो, कारण कस गेलेला खेळ दिव्यांग मुलालाही नको असतो. ठाण्यातल्या एका शिबिरात सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणे) असलेली दहा वर्षांची एक मुलगी आमच्याकडे होती. वॉकर घेऊन ती विषामृत खेळत असे. सगळी मुले तिच्याजवळून जाताना वेग कमी करीत आणि तिला कोणीच ‘विष’ देत नसे. चौथ्या दिवशी ती रडत माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मला कोणी आऊटच करत नाही.” आम्ही मुलांना गोळा करून तिचे म्हणणे तिच्याच तोंडून ऐकवले. पुढच्या डावात ती आऊट झाली, तिच्यावर राज्य आले, आणि राज्य घेऊन तिने तिघांना बाद केले. त्या दिवसापासून मी नियम बदलताना एकच कसोटी लावतो : बदलानंतर त्या मुलाला हरता येते का? हरता येत नसेल तर त्याचे जिंकणेही खोटे आहे.

लंगडीचेच घ्या. कुबड्यांवरचा मुलगा दोन कुबड्या आणि एक पाय यांवर चालत असेल तर तो रोज लंगडीच घालतो, त्यामुळे धावणाऱ्यांमध्ये तो जसा आहे तसा चालतो. अडचण पाठलागाची आहे. मैदान लहान करावे, म्हणजे पळणाऱ्यांना वळावे लागते आणि चपळाई वेगाहून महत्त्वाची ठरते. पोहण्याच्या तलावात वापरतात ती फोमची लांब नळी पाठलाग करणाऱ्याला द्यावी आणि तिचा स्पर्श हाच बाद ठरवावा. मात्र ती नळी राज्य घेणाऱ्या प्रत्येकाला द्यावी. बदल एकट्यासाठी केला की ती मेहरबानी होते, सर्वांसाठी केला की तो नियम होतो.

लगोरीत सात चकत्यांचा मनोरा असतो. तो जमिनीऐवजी स्टुलावर रचला की व्हीलचेअरवरच्या मुलाला फोडताही येतो आणि पुन्हा रचताही येतो. अंध मुलीसाठी मनोऱ्याच्या मागे, चेंडूच्या वाटेबाहेर उभे राहून एकाने टाळी वाजवावी आणि त्या क्षणी बाकीच्यांनी शांत राहावे. चेंडू चिंधीचा असावा. आवाजाच्या दिशेने चेंडू फेकणे ही कल्पना नवीन नाही. अंधांच्या क्रिकेटमध्ये प्लास्टिकच्या चेंडूत छर्रे असतात, चेंडू खालून सरपटत टाकतात आणि गोलंदाज आधी हाक देऊन फलंदाज तयार आहे ना हे विचारतो. हा खेळ इतका कसाचा आहे की त्याचे विश्वचषक भरतात, आणि अंधांचा पहिला ट्वेंटी-२० विश्वचषक २०१२ साली बेंगळुरूला भारतानेच जिंकला.

खो-खोबद्दल तर मला विशेष आनंद वाटतो. नियमाप्रमाणे खो देताना पाठीला हात लावायचा असतो आणि ‘खो’ असा उच्चारही करायचा असतो. म्हणजे कर्णबधिर मुलासाठी स्पर्श आहे आणि अंध मुलासाठी शब्द. आपल्या पूर्वजांनी एकच सूचना दोन वाटांनी देऊन ठेवली आहे, आणि समावेशक शिबिराचे बरेचसे तंत्र या दोन वाटांतच आहे. तळ्यात-मळ्यात खेळताना तोंडाने हाक द्यावी आणि त्याच वेळी निळा किंवा हिरवा झेंडा वर करावा. व्हीलचेअरवरच्या मुलाने उडीऐवजी पुढची चाके रेषेपलीकडे न्यावीत आणि उशीर झाला तर बाद व्हावे. मामाचं पत्र हरवलं खेळताना रुमालाला घुंगरू बांधले तर अंध मुलीलाही पत्र कोणाच्या मागे पडले याचा अंदाज घेता येतो, आणि घुंगरू वाजू न देता रुमाल ठेवण्याचे कसब बाकीच्यांना शिकावे लागते. खेळ त्याने अवघडच होतो, सोपा नव्हे.

काही खेळ सोडून द्यावे लागतात. हिमोफिलिया (जखमेतले रक्त लवकर न थांबण्याचा विकार) असलेल्या मुलाला कबड्डी खेळवू नये, तेथे नियम बदलून भागत नाही. अशा वेळी त्याला गुणलेखक करून बसवण्यापेक्षा सर्वांना खेळता येईल असा दुसरा खेळ निवडावा. आपल्या शिबिरात ‘बोचा’ जरूर घेऊन पाहा. पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपले लाल किंवा निळे चेंडू टाकायचे, बसून टाकायचे, हात चालत नसेल तर घसरणीवरून सोडायचे. १९८४ पासून हा खेळ पॅरालिम्पिकमध्ये आहे, आणि चिंध्या व वाळू भरून शिवलेल्या चेंडूंनी तो आपल्या उद्यानातील फरशीवरही रंगतो. चाळीस वर्षे मुलांना खेळवलेल्या माणसाला यात आणखी दहा बदल सुचतील. ते बदल करण्याआधी त्या मुलालाच विचारावे, कारण आपले शरीर कुठवर जाते हे त्याला आपल्याहून जास्त ठाऊक असते.

प्रश्न : माझी मुलगी धावण्यात चांगली आहे. अशा शिबिरात सगळा वेळ दोन-तीन मुलांना सांभाळण्यात जाईल आणि तिचे नुकसान होईल, असे वाटणे स्वार्थीपणाचे आहे का? — एक वडील, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : स्वार्थीपणाचे नाही. शिबिराचे संयोजन वाईट असेल तर आपण म्हणता तसे होईलही. मुलगी स्पर्धेची तयारी करत असेल तर तिचा सराव प्रशिक्षकाकडे वेगळ्या वेळी होऊ द्यावा, उद्यानातले शिबिर त्यासाठी नसते. शिबिरात तिने तासभर कर्णबधिर मैत्रिणीबरोबर खुणांनी डाव आखला, तर ती जे शिकेल ते तिला धावपट्टीवर शिकायला मिळणार नाही. तिला ‘मदतनीस’ मात्र करू नये. चांगली मुले मदत करतात आणि दिव्यांग मुले मदत घेतात, अशी वाटणी एकदा मनात बसली की ती निघत नाही. तिला फक्त खेळू द्यावे.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते आणि यंदा शिबिरात स्वयंसेवक आहे. एका मुलाला फिट येते असे कळले आहे. त्या वेळी काय करावे? — एक विद्यार्थिनी, सीबीडी बेलापूर

उत्तर : घड्याळ पाहावे, कारण नंतर सर्वांत उपयोगी पडणारी माहिती तीच असते. मुलाला जमिनीवर झोपवून त्याच्या डोक्याखाली ओढणी किंवा पिशवी ठेवावी, आसपासचे दगड आणि बाक दूर करावेत आणि त्याला एका कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ बाहेर येईल. हातपाय दाबून धरू नयेत. दातांमध्ये चमचा, बोट, काहीही घालू नये. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यासाठी कोणीतरी धावत येईलच, त्याला नम्रपणे पण ठामपणे थांबवावे. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, लागोपाठ दुसरा आला, श्वास नीट चालत नाही असे दिसले किंवा झटक्यात मार लागला, तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. पालकांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने काही औषध देऊन ठेवले असेल तर ते कोणी, केव्हा द्यायचे, हे लिखित स्वरूपात असावे. एका मुलाला इतरांना सावलीत नेऊन बसवण्याचे काम द्यावे. शुद्धीवर आल्यावर त्या मुलाला आजूबाजूला गर्दी दिसू नये. थोडी झोप झाल्यावर त्याला खेळायचे असल्यास, पालकांशी बोलून, चित्रकलेसारख्या बसून करायच्या कामात घ्यावे, आणि दुसऱ्या दिवशी तो आला की नेहमीसारखेच वागावे.

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे, व्हीलचेअर वापरतो. घराजवळच्या उद्यानाच्या दारात दुचाकी शिरू नयेत म्हणून नागमोडी लोखंडी नळ्या लावल्या आहेत, त्यांतून मलाही जाता येत नाही. बाजूचे मोठे फाटक कुलूपबंद असते. तक्रार कोणाकडे करावी? आणि लहानपणी मला कोणी शिबिरात घेतले नाही, आता मी तेथे काही करू शकतो का? — एक तरुण, नेरुळ

उत्तर : दुचाकी अडवण्याची अडचण खरी आहे आणि तिचे उत्तर नळ्यांत नाही, कारण ज्या फटीतून व्हीलचेअर जाते तिच्यातून दुचाकीही जाते. उद्यानाच्या वेळेत बाजूचे फाटक पहारेकऱ्याने उघडून द्यायचे, किल्ली त्याच्याकडेच असायची आणि एक घंटा व्हीलचेअरवरून हाताला येईल एवढ्या उंचीवर लावायची, ही मागणी सोपी आहे. आपण ती छायाचित्रांसह महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयात आणि उद्यान विभागात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकारात त्या अर्जावर काय झाले ते विचारावे. तरीही काही न झाल्यास २०१६ च्या कायद्याखाली पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. सुगम्यतेची, म्हणजे दिव्यांगांना सहज ये-जा आणि वापर करता यावा यासाठीची, मानके निव्वळ शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, ती बंधनकारक असली पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात दिला आहे. त्याचा उल्लेख अर्जात करावा.

आपला दुसरा प्रश्न वाचून मी बराच वेळ थांबलो. शिबिरात आपण पुष्कळ काही करू शकता, आणि ते स्वागतकक्षातल्या खुर्चीवर बसून नव्हे. व्हीलचेअरवरच्या मुलाला मोठेपणी आपण कसे असू हे बहुधा कुठेच दिसत नसते. सांगली जिल्ह्यातून आलेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकले, हे त्याला सांगता येते, पण रोज सकाळी सात वाजता बोचाचा डाव लावणारा, चुकलेल्या मुलाला रागावणारा आणि वादात निवाडा देणारा दादा त्याला समोर दिसावा लागतो. आपल्या परिसरातील मंडळाला पंच आणि प्रशिक्षक म्हणून यायचे आहे असे कळवावे, ‘मदत करायची आहे’ असे लिहू नये. त्यांची पहिली बैठक उद्यानातच घ्यायला सांगावी आणि ठरल्या वेळेच्या थोडे आधी त्या कुलूपबंद फाटकापाशी पोहोचावे, म्हणजे किल्ली शोधायला सगळे मिळूनच जाल.